जखमी सरदाराला भेटायला येणाऱ्यांचे नियम

सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. राजमणी अक्काचा कायदा अन्यायी होता. मी त्याविरुद्ध तीन पत्रकं काढली, एक दिवस उपोषण केलं आणि सह्यांची मोहीम राबवली. मोहिमेत चारच सह्या जमल्या, कारण आम्ही माणसंच चार होतो, आणि चौथी सही किरणनं झोपेत केली. हे सगळं नोंदवून ठेवते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हिनं अक्काचं कौतुकच केलं. अक्का आता भिवंडीला मुलीकडं असते, ठणठणीत आहे. परवा फोनवर माझा आवाज बसलेला ऐकून तिनं मला दहा मिनिटं झापलं.

आमचा खेळ असा. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट रचून सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी सरदार, कुणी तिरंदाज. लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की वार लागला, लहान आला की हुकला. प्रत्येकाला जिवाचे शंभर पॉइंट. मार बसला की कमी होतात, रात्रभर झोपलं की परत शंभर. मुस्तफानं हा खेळ पुण्याच्या हॉस्टेलातनं आणला. गोष्ट तोच सांगायचा. नागेश सरदार, मी तिरंदाज, आणि किरण पहारेकरी. किरण टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून रविवारी सकाळी थेट यायचा आणि भिंतीला टेकून झोपायचा, त्यामुळं आमचा पहारेकरी कायम झोपलेला असायचा. एवढी एकच गोष्ट आमच्या खेळात पहिल्यापासून वास्तववादी होती.

वर्ष-दीड वर्ष इथं-तिथं खेळलो, मग जागा उरली नाही. मुस्तफाच्या घरी पाहुणे, माझ्या घरी बाबा, नागेशच्या घरी दोन माग दिवसभर खटक-खटक. मग नागेशनं त्याच्या गल्लीतल्या अक्काला विचारलं. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू विणकरांची ती गल्ली, अक्काची पुढची खोली, एक खाट, एक टीव्ही, आणि कोपऱ्यात सूप. अक्कानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. डोळे अधू झाल्यावर काम सुटलं, सूप राहिलं. आमचा फासा फरशीवरनं खाटेखाली पळतो हे बघून तिनं सूप पुढं सरकवलं. म्हणाली, ह्यात टाका, पळणार न्हाय. पहिला महिना ती आतनं फक्त ऐकायची.

आता अक्काचा खरा धंदा सांगते. ती आजारी माणसांना भेटायला जायची. कामच होतं ते तिचं, बिनपगारी. दाराच्या खिळ्याला नायलॉनची पिशवी कायम तयार. तिच्यात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, दोन मोसंबी आणि एक रिकामा डबा. डबा रिकामा, कारण पेशंटला काय खावंसं वाटतंय हे आपणच ठरवणं तिला उद्धटपणा वाटायचा. विचारून यायची आणि दुसऱ्या दिवशी भरून न्यायची. कुणाचा हात मोडला, कुणाचं पित्ताशय काढलं, कुणाला कुत्रं चावलं, अक्का हजर. डॉक्टरकीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कोणत्या हाडाला किती आठवडे लागतात, कितव्या दिवशी माणूस चिडचिडा होतो, कितव्या दिवशी सून वैतागते, हे तिला तोंडपाठ. तिचे दोन नियम होते. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, आणि त्याच आजारानं मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. दुसरा नियम मोडणाऱ्या एका बाईला तिनं पायऱ्या उतरेपर्यंत ऐकवलं होतं. "तू भेटायला आलीस का सांगून जायला आलीस?" एवढंच मला जिन्यात ऐकू आलं. पुढचं तेलुगूत होतं.

तर अशी बाई पलीकडच्या खोलीत बसून आमची लढाई ऐकत होती.

एका रविवारी सरदाराला अकरा वार लागले, शंभरातले नव्वद पॉइंट गेले, तरी तो किल्ल्याची भिंत चढला. अक्का दारात येऊन उभी राहिली. तिनं मुस्तफाला विचारलं, नव्वद पॉइंट गेले म्हणजे कुठले गेले? गुडघ्यातले का खांद्यातले? मुस्तफा म्हणाला, असं काही नसतं, सगळ्या अंगाचे मिळून.

"मग बँडेज कुटं बांधायचं?" अक्का म्हणाली.

हा प्रश्न त्या खेळाच्या साडेतीनशे पानी इंग्रजी पुस्तकात कुणी विचारलेला नाही. मी शोधला. मुस्तफानंही शोधला.

मग ती आत येऊन बसली. तलवार गंजलेली होती का? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? मुस्तफानं सांगितलं, अक्का, उस जमाने में इंजेक्शन नै होता. अक्का म्हणाली, मग मेला तो. नागेशचा चेहरा पडला, तेव्हा तिनं दया दाखवून तलवार नवी कोरी ठरवली. झोपल्यावर शंभर पॉइंट परत येतात हे कळल्यावर मात्र तिनं कपाळावर हात मारला. रात्री मोडला, सकाळी बरा, मग दवाखाने कशाला बांधलेत म्हणे एवढे? मुस्तफा म्हणाला, "अक्का, खेल है ना ये."

"खेळ हाय म्हणून खोटं बोलायचं का?"

इथंच आम्ही विरोध करायला हवा होता. नाही केला. मी ज्या संघटनेत काम करते तिथं शिकले होते की अन्यायाला पहिल्या दिवशी गप्प बसलेला माणूस सोळाव्या आठवड्यात रडतो. शब्दशः तसंच झालं.

त्याच रविवारी खड्गरावानं, म्हणजे मुस्तफाच्या गोष्टीतल्या खलनायकानं, सरदाराखालची भिंत पाडली. फाशावर एक आला. अक्कानं सुपात वाकून आकडा बघितला, सरदार कुठल्या अंगावर पडला ते विचारलं, आणि निकाल दिला. मांडीचं हाड. सोळा आठवडे. आमचा एक रविवार म्हणजे एक आठवडा. तोवर सरदार खाटेवर.

खाटेवर म्हणजे खरोखर खाटेवर. नागेशला तिनं आपल्या खाटेवर झोपवलं, पायाखाली दोन उशा दिल्या. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, फासा टाकायचा तर पडल्या-पडल्या. सत्तावीस वर्षांचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दर रविवारी तीन तास छताकडं बघत पडायचा आणि आम्ही खाली लढायचो. लढायचो तरी कुठं? माझ्या अंगठ्याला तलवार चाटून गेली, तर अक्कानं मला तीन रविवार धनुष्य धरू दिलं नाही. मी, राज्यातली सर्वश्रेष्ठ तिरंदाज, तीन आठवडे सरदाराला डबा पोचवत होते. याला स्त्रीवादी दृष्टिकोनातून काय म्हणतात ते मी पहिल्या पत्रकात लिहिलं आहे.

पण कायद्याचं मुख्य कलम पुढंच होतं. दुसऱ्या आठवड्यात अक्का म्हणाली, ह्याला भेटायला कोण आलं? मुस्तफा म्हणाला, कोणी नाही. अक्का हे ऐकून घेईना. मांडी मोडलेल्या माणसाला आठ दिवसांत कुणी भेटायला येत नाही, असलं कसलं राज्य? पुस्तकात जखमांचे तक्ते आहेत, मलमं आहेत, जादूची औषधं आहेत, भेटायला येणारी माणसं कुठं आहेत? तलवारीनं निम्मं मरण येतंय, म्हणाली, निम्मं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी.

मग तिनं यादी केली. फाशाच्या वीस आकड्यांना वीस पाहुणे. मी ती लिहून घेतली, कारण अक्षर माझं बरं. तीन आला की मामा येणार आणि दुखरी जागा दाबून हितं दुखतंय का विचारणार. दोन पॉइंट वजा. सात आला की गावचा हाडवैद्य, प्लास्टर काढून पाला बांधू म्हणणार; त्याला दाराबाहेर काढायला वेगळा फासा. अकरा म्हणजे पायाचं सूप घेऊन येणारी चुलती. चार पॉइंट जमा, हे मुस्तफाच्या आग्रहानं. चौदा म्हणजे शाळेतला मित्र, जो दीड तास बसतो आणि स्वतःच्या पाठीचं सांगतो. अठराला कुणीच येत नाही, आणि पेशंट झोपतो. सगळ्यात जास्त पॉइंट अठराला होते. पाहुण्यांना चहा कोण करणार, हा प्रश्न निघाला. सरदाराचं लग्न झालेलं नव्हतं. मग अक्काच त्याची आई झाली. आईला किती पॉइंट द्यायचे हे मुस्तफानं विचारलं, तेव्हा अक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यानं कागदावर मोजायचे नाहीत असं लिहिलं.

खड्गराव इकडं खिंडीत फौज घेऊन थांबला होता. आठवड्यामागून आठवडे. मुस्तफा रडकुंडीला आला, अक्का, दुश्मन उधर खडा है. अक्का चहा गाळत म्हणाली, "उभारून कशाला? बसायला सांग की त्याला."

आता नागेशबद्दल सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न त्याचा होता. नागेश बोलत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, दुरुस्त करतो, वर येतो. त्याच्या तोंडून मोठा आवाज आम्ही फक्त सरदार म्हणूनच ऐकला होता. दोन वर्षं तो एका गोष्टीसाठी खेळत होता: खड्गरावाशी समोरासमोर लढाई. नवव्या रविवारी त्यानं छताकडं बघत सांगितलं की त्याला बडोद्याला नोकरी लागली आहे. पगार दुप्पट, पत्र आलंय, चौदाव्या रविवारनंतर सोमवारी निघायचं. मी बोटं मोजली. सरदार सोळाव्याला उठणार होता.

दोन आठवडे. फक्त दोन आठवड्यांसाठी माणसाची दोन वर्षं वाया. मी पेटले.

पत्रक क्रमांक दोन, शीर्षक: "अन्यायी जखम-कायदा मागे घ्या!" मागणी एक, मांडीचा कालावधी सोळावरून चौदावर आणा. मागणी दोन, पाहुण्यांच्या येण्यावर मर्यादा घाला. मागणी तीन, खेळाडूंचा खेळण्याचा हक्क मान्य करा. मी ते अक्काच्या दारावर चिकटवलं, खळ लावून, नीट. अक्कानं चष्मा लावून, अक्षरावर बोट ठेवत सगळं वाचलं. मग मला हाक मारली. ती मला हँडबिल म्हणायची.

"हँडबिल, झकास लिहिलंयस. नाग्याला इचारलंस का पन?"

नव्हतं विचारलं. संघटनेत मी शिकले ते असं की पीडिताला प्रत्येक वेळी विचारत बसलं तर पत्रक छापून होत नाही. पण विचारलं. खाटेवरनं नागेश म्हणाला, उठायचंय मला. लई उठायचंय. आणि मग म्हणाला, पण तिनं म्हटल्याशिवाय नाही.

असल्या कार्यकर्त्यांमुळं चळवळी मरतात.

मी उपोषणाला बसले. अक्काच्याच पायरीवर, गुरुवारी, पाठीमागं फलक. गुरुवारी अक्काचाही उपवास असतो हे मला माहीत नव्हतं. अकरा वाजता तिनं साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली, एकीला दोघी बऱ्या म्हणाली. मी सांगितलं की हे उपोषण आहे, उपवास नाही. ती म्हणाली, पोटाला काय कळतंय त्यातलं. दुपारी गल्लीतल्या दोन बायका माझा नवस काय आहे ते विचारून गेल्या. तिसरीनं मला केळं दिलं. आंदोलन फराळात बुडालं.

संध्याकाळी मी ताटली विसळून द्यायला आत गेले आणि सरळ विचारलं, दोन आठवडे सोडायला तुझं काय जातं? कागदावरची मांडी आहे. अक्का सूप भिंतीला टेकवत होती. म्हणाली, मांडी मोडली तेव्हा आमचं मालक बाराव्या आठवड्यात मागावर उभारले होते. कुणीतरी म्हणालं होतं, काय होत नाही, उभार. "मीच म्हनले होते," म्हणाली, आणि ताटली माझ्या हातातनं घेतली, कारण मी कडा नीट धुतल्या नव्हत्या.

मी तिसरं पत्रक छापून आणलं होतं. ते वाटलं नाही. पण मागे घेतलं असंही कुणी समजू नये.

चौदावा रविवार आला. नागेशची बॅग घरी भरून ठेवलेली. तो येऊन खाटेवर पडला आणि पाय उशांवर ठेवला. मुस्तफानं मला बाहेर गाठून कानात सांगितलं की आज तो जादूचं औषध आणणार, एक घोट आणि सरदार खडा. मी म्हटलं, आण, जबाबदारी माझी. त्यानं आत येऊन औषधाची बाटली काढलीसुद्धा, गोष्टीत. नागेश म्हणाला, नको. एवढंच. मुस्तफानं बाटली परत ठेवली. खोलीत किरणच्या घोरण्याचा आवाज तेवढा.

अक्का खुर्चीवर विचार करत होती. मग तिनं मुस्तफाला विचारलं, ह्याला पाडलं कुणी?

"खड्गराव ने."

"चौदा आठवड्यांत एकदा तरी आला का त्यो भेटायला?"

मुस्तफा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. वो दुश्मन है अक्का, म्हणाला. अक्काचं म्हणणं असं की मोटारसायकलनं उडवणारा माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो, कोपऱ्यात उभा राहतो, खाली बघतो. खड्गराव काय आभाळातनं पडलाय? पाडलंय तर यायला लागतंय. वैर आपल्या जागी.

तिनं खिळ्यावरची पिशवी काढून मुस्तफाच्या हातात दिली आणि त्याला बाहेर जायला सांगितलं.

मुस्तफानं दाराबाहेर जाऊन चपला काढल्या. चपला काढल्याचा आवाज आला, आणि मला, कसं सांगू, खरोखरच खड्गराव आल्यासारखं वाटलं. तो आत आला. खाटेजवळ गेला, बसणार होता, अक्काकडं बघून खुर्चीवर बसला. पिशवी मांडीवर. साडेतीनशे पानांत त्याला ह्या प्रसंगाचं एक वाक्य मिळालेलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "कैसा है अब?"

"बरंय," नागेश म्हणाला.

मी नागेशच्या कानाशी वाकले. सरदाराच्या सामानाच्या यादीत कट्यार होती, मी स्वतः लिहिली होती. शत्रू हाताच्या अंतरावर, बसलेला, निःशस्त्र, दोन्ही हात पिशवीत. पुस्तकाप्रमाणं पाचच्या वर काहीही आलं तर ठार. पडल्या-पडल्या मारता येत होतं, मांडीचा काही संबंध नव्हता, अक्काच्या एकाही कलमाचा भंग होत नव्हता. दोन वर्षांचं काम एका फाशात. मी फासा त्याच्या तळहातावर ठेवला.

नागेशनं मूठ मिटली. मुस्तफाला कळलं. त्यानं घाबरून बिस्किटांचा पुडा फोडला आणि स्वतःच एक खाल्लं. म्हणाला, उस दिन भिंत पाडी ना मैं, मेरे को लगा तू बाजू होगा.

नागेशनं मान त्याच्याकडं वळवली. मग सरदाराच्या आवाजात बोलला, तो मोठा, छातीतनं येणारा आवाज, ज्यानं किरण दचकून उठला. "खड्गराव. दोन आठवड्यांनी ये. उभा राहून मारतो तुला."

"हौ," खड्गराव म्हणाला. "आऊंगा मैं."

तो उठायला लागला तर अक्का, म्हणजे आई, म्हणाली की चहा टाकलाय, घेऊन जा. तो परत बसला. नागेशनं फासा उशाशेजारी ठेवून दिला. मी निषेध म्हणून चहा घेतला नाही. थोड्या वेळानं घेतला.

सोमवारी नागेश गेला.

सोळाव्या रविवारी आम्ही जमलो खरे, पण कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्काच्या मुलीचे दिवस भरत आले होते, बुधवारी अक्काला भिवंडीला निघायचं होतं, भांडी अर्धी बांधून झालेली. अकरा वाजता नागेशचा व्हिडिओ कॉल आला. कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सुटी पंधरा मिनिटांची होती. मी फोन टीव्हीला टेकवून उभा केला. मुस्तफा तयारीनं आला होता. लाकडाची तलवार, तिला चंदेरी कागद. पायात चपला घालून तो दाराबाहेर उभा राहिला, आणि आव्हान दिलं. नागेशनं फोनमधून काहीतरी ओरडून सांगितलं, पण आवाज तुटला आणि त्याचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला.

मग सरदार कोण? मी पुढं झाले. अक्कानं मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः खाटेवर जाऊन बसली. पाय खाली सोडले. सोळा आठवडे झोपलेला माणूस कसा उठतो हे आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं. तिनं बघितलं होतं. आधी नुसती बसली. मग भिंत धरली. उभी राहताना तिनं डोळे मिटले, घेरी येते म्हणून. उजवा पाय ठेवला, पण त्यावर भार दिला नाही, नुसता जमिनीला लावला, परका असल्यासारखा. मग डावा. भिंतीवर तळवा सरकवत ती तेलुगूत मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू. फोनमध्ये नागेशचा चेहरा परत हलायला लागला होता. तीन पावलांनंतर अक्का थांबली. धाप लागली होती, आणि ती खोटी वाटत नव्हती.

दारात खड्गराव तलवार वर करून उभाच होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

अक्कानं भिंत न सोडता मान वर केली.

"बघत काय उभारलास? हात दे की."

मुस्तफानं चपला काढल्या, आत येऊन तलवार टीव्हीवर, फोनच्या शेजारी ठेवली, आणि हात पुढं केला.